क्षारीय खडक म्हणजे खारट खडक का?

रावपुरेकर: कॅनरी बेटांवरच्या खडकांचा एक लेख मराठीत आणतोय. 'अल्कलाइन इंट्रुझिव्ह'ला, म्हणजे जमिनीखालीच निवून घट्ट झालेल्या अल्कलीवाल्या खडकाला, 'क्षारीय अंतर्निर्मित' लिहिलं. वडील म्हणाले, "चाटून बघितलास?" शाळेत आपण क्षार म्हणजे मीठ शिकलो. बदलू का? आणि 'ओअर'ला, म्हणजे खाणीतून काढतात त्या उपयोगी खनिजाला, धातुक चालेल?

खारीसिंग: क्षार म्हणजे अल्कली हे हिंदीत. तिथे मिठाला लवण. तुमचा शब्द हिंदीतून आलाय.

आजीचा_डबा: हिंदीवर कशाला ढकलता? पापडखार काय खारटपणासाठी घालतो? तो अल्कलीच. वैद्यांचा यवक्षार जवाच्या राखेतून काढतात, आणि अरबी 'अल-कली'सुद्धा राखच. शब्द बिघडवला तो पाठ्यपुस्तकाने.

माजी_खाणवाला: राख राहू द्या बाजूला. खडकाला कोणी लिटमस लावत नाही. सिलिकाच्या मानाने सोडियम-पोटॅशियम जास्त, एवढाच अर्थ. कॅनरीतल्या फ्युर्तेव्हेंतुरा बेटावर सायनाइट या अल्कली खडकाच्या सोबतीने कार्बोनटाइट, म्हणजे कार्बोनेट खनिजांचा अग्निजन्य खडक, आहे. शिलारस निवताना नायोबियम, झिर्कोनियम, दुर्मिळ मृदा मूलद्रव्यं यांना नेहमीच्या खनिजांत जागा मिळत नाही. शेवटच्या पंगतीला जशी उरलेल्यांची गर्दी, तशी ती उरलेल्या रसात साठतात, मग त्यांची पायरोक्लोर, झिरकॉन ही खनिजं बनतात. आपल्या बडोद्याजवळच्या छोटा उदेपूरकडे अंबाडुंगरलाही कार्बोनटाइट आहे, पण तिथे बेट नाही, दख्खनच्या लाव्ह्याचा शेजार. तिथे आम्ही फ्लोराइट हे खनिज काढायचो. ते धातूसाठी कोणी खणत नाही, मग त्याला धातुक कसं म्हणू? आम्ही 'माल' म्हणायचो.

रावपुरेकर: काका, लेखात 'माल' लिहू?

शुद्धमती: नको! आणि 'क्षारीय'च्या जागी 'अल्कधर्मी' हा चांगला शब्द आहे, तो वापरा. इंग्रजी शब्द तसेच उचलायचे तर भाषांतर कशाला?

खारीसिंग: ताई, आधी सोडियमला मराठी शब्द काढा. बडोद्याच्या सयाजीरावांनी १९३१ साली कारभाराचा कोश काढला तेव्हा गुजराती, मराठी, उर्दू, फारसी असे पर्याय शेजारी शेजारी ठेवले होते. बडोद्याला सोवळं शोभत नाही.

शुद्धमती: त्यात संस्कृतही होतं. सोयीचं तेवढं सांगू नका.

रावपुरेकर: तूर्त 'अल्कली खडक' करतो. धातुकाचं काय?

नवी_सून: मध्येच विचारते, पापडखार इथे बडोद्यात खंडेराव मार्केटात मिळेल का? उडदाचे पापड घालायचेत.

आजीचा_डबा: मिळेल, पण 'पापडियो खारो' माग. पापडखार म्हटलंस तर वाणी तोंडाकडे बघत बसतो. आणि पिठात किती घालायचा ते मला विचार, पुडीवर लिहिलेलं असतं त्यावर जाऊ नकोस.