रेट्रो थीमच्या बारमध्ये छोट्या प्लेट्स कशा मागवाव्यात?

प्रश्न

आम्ही सहा जण रेट्रो थीमच्या एका बार-रेस्टॉरंटमध्ये जेवायला जाणार आहोत. तेथे प्रत्येकाने स्वतंत्र डिश मागवण्याची पद्धत नसून, छोट्या प्लेट्स मध्यभागी ठेवून सर्वांनी वाटून खायच्या असतात. आमच्यापैकी दोघे मद्य घेत नाहीत, एक जण शाकाहारी आहे आणि बरोबर येणाऱ्या काकांना थोडे कमी ऐकू येते. मात्र जुन्या रेकॉर्ड्सची सर्वांत जास्त हौस त्यांनाच आहे आणि त्यांच्यासाठीच ही जागा निवडली आहे. प्लेट्स किती आणि कोणत्या क्रमाने मागवाव्यात? सजावटीपलीकडे त्या जागेत काही सत्त्व आहे का, हे कशावरून ओळखावे?

पहिला प्रतिसाद

माणशी दोन ते तीन प्लेट्स हा अंदाज साधारणपणे बरोबर ठरतो, परंतु त्या सगळ्या एकदम मागवू नका. अशा ठिकाणी जो पदार्थ आधी तयार होतो तो आधी टेबलावर येतो, त्यामुळे एकत्र ऑर्डर दिली की पहिल्या काही मिनिटांतच टेबल भरून जाते, तळलेले पदार्थ मऊ पडतात आणि उरलेली संध्याकाळ रिकाम्या बशांसमोर जाते. स्पेनमधील तापास (पेयाबरोबर खायच्या छोट्या प्लेट्स) काय किंवा जपानमधील इझाकाया (खाण्यापिण्याचे साधे बार) काय, पेयाबरोबर थोडे मागवावे, ते संपले की पुन्हा मागवावे, हीच तेथली रीत आहे. प्रथम चार-पाच प्लेट्स मागवा आणि त्यांचा आकार पाहून पुढचे ठरवा. एका प्लेटमध्ये किती नग येतात, हे वेटरला आधीच विचारा, कारण सहा जणांत चार नग आले की प्रत्येक जण संकोचाने हात आखडता घेतो.

शाकाहारी व्यक्तीसाठी वेगळा चमचा मागून घ्या. तळण्याचे तेल सामाईक आहे का, हेही विचारा. मेनूवरील हिरव्या खुणेवरून ते कळत नाही.

दुसरा प्रतिसाद

काकांचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. चौकटीच्या फरशा, क्रोमच्या कडा, काच आणि गुळगुळीत लॅमिनेटची टेबले, म्हणजे जी सामग्री डोळ्यांना जुना काळ दाखवते, तीच आवाज शोषून न घेता परत फेकते. त्यात भोवतालचा आवाज वाढला की माणूस नकळत स्वतःचा आवाज चढवतो. एत्येन लोंबार या फ्रेंच वैद्याच्या नावावरून या परिणामाला ‘लोंबार परिणाम’ म्हणतात. भरलेल्या खोलीत प्रत्येक टेबल असेच करत असल्यामुळे गोंगाट वाढतच जातो.

म्हणून आरक्षण करताना गादी लावलेल्या उंच पाठीच्या बाकांचे कोपऱ्यातील टेबल मागा, ते स्पीकरपासून आणि बारच्या काउंटरपासून दूर असल्याची खात्री करा आणि गर्दी होण्यापूर्वी पोहोचा. काकांना भिंतीकडे पाठ करून बसवा, म्हणजे मागून येणारा गोंगाट कमी होईल आणि बोलणाऱ्यांचे चेहरे त्यांना समोर दिसतील.

तिसरा प्रतिसाद

सत्त्व कसे ओळखावे, याबद्दल लिहितो. निऑनच्या दिव्यांवरून किंवा भिंतीवरच्या जाहिरातींवरून काही ठरत नाही, कारण त्या वस्तू विकत आणून टांगता येतात. काळाची जाण तपशिलात दिसते. विनाइल या प्लॅस्टिकची एलपी, म्हणजे जास्त वेळ वाजणारी रेकॉर्ड १९४८ मध्ये आणि मिनिटाला ४५ फेऱ्यांची छोटी रेकॉर्ड १९४९ मध्ये बाजारात आली. त्यामुळे तिशीच्या दशकाचा दावा करणाऱ्या जागेत एलपी वाजत असेल, तर मालकाने काळाचा विचार केलेला नाही, असे मी समजतो. रेकॉर्ड खरोखर वाजवली जाते की नुसती मांडलेली आहे, हे काकांना लगेच कळेल. त्यांना कर्मचाऱ्यांकडे तिच्याविषयी चौकशी करू द्या. ज्यांना आस्था असते ते आनंदाने बोलतात.

पेयांच्या बाबतीत ओल्ड फॅशन्ड हे व्हिस्कीचे जुने कॉकटेल मागवून पाहावे. १८०६ मध्ये एका अमेरिकी वृत्तपत्राने कॉकटेलची जी व्याख्या दिली, तिच्यात मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स (वनस्पतींचा कडू अर्क) एवढेच घटक होते, आणि हे पेय आजही तिच्या जवळ आहे. घटक इतके कमी असताना बर्फ किती आणि ढवळणे किती, यावरच सगळे अवलंबून असते, त्यामुळे बारटेंडरचा हात लगेच कळतो. मद्य न घेणाऱ्यांसाठी तितक्याच काळजीने केलेले काही आहे का, की फक्त गोड सरबत आहे, हेही मी अवश्य पाहतो.

पहिल्या पेयाआधी एखादी पोटभरीची प्लेट येऊ द्या. मद्य मुख्यतः लहान आतड्यात शोषले जाते आणि पोटात अन्न असले की ते तेथे सावकाश पोहोचते. बिलाचे सांगायचे तर खाण्याचा खर्च सहा जणांत समान वाटा, मात्र पेयांचा हिशेब वेगळा ठेवण्यास ऑर्डर देतानाच सांगा. शेवटी सांगितले तर वेटरला तो निवडत बसावा लागतो.