मधुमेह दिनाच्या फलकासाठी चार ओळी हव्या आहेत (तातडीचं!)

घाईगडबड:
ऑफिसात १४ नोव्हेंबरला कार्यक्रम आहे. फलकावर मधुमेहाबद्दल चार ओळी हव्यात, उद्या छपाईला द्यायचंय. "साखर सोडा, मधुमेह टाळा" एवढं लिहून अडकलोय. लेख नकोत, लिंका नकोत, सरळ ओळी द्या. यमक जुळलं तर उत्तम.

निवांत:
कोणासाठी आहे? किती लोक, साधारण वय काय? नुसता फलकच की तपासणीही आहे?

घाईगडबड:
ऑफिस म्हटल्यावर ऑफिसातलेच लोक असणार ना! सव्वाशे जण. तपासणी आहे, पण ते सगळं ठरलंय. ओळींचं बोला.

पायीपायी:
चार ओळी कशाला? "चाला" एवढा एकच शब्द मोठ्ठा लिहा. दीड वर्षात माझं ११ किलो वजन उतरलं आणि डॉक्टरांनी गोळी बंद केली. बाकी सगळं थोतांड.

सुईसोबती:
ती साखरेची ओळ आधी खोडा. मला नवव्या वर्षी टाइप १ मधुमेह झाला. शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारल्या, त्यात गोडाचा काय संबंध? आज इतकी वर्षं झाली तरी "लहानपणी गोड फार खायचास का रे?" विचारणारे भेटतात. तुमच्या सव्वाशेत असा एखादा असला, तर त्याने त्या फलकाखालून रोज मान खाली घालून जायचं का?

पायीपायी:
अहो, पण साखर कमी खाल्ली तर नुकसान आहे का काही?

सुईसोबती:
कमी खा हो, कोण नको म्हणतंय! पण टाइप २ सुद्धा नुसत्या साखरेने होत नाही. घराण्यात असणं, पोटाचा घेर, दिवसभर खुर्चीला चिकटून बसणं, गरोदरपणात साखर वाढलेली असणं, हे सगळं धरायला लागतं. आणि तुमची गोळी सुटली म्हणून सगळ्यांची सुटेल असं नाही. मी इन्सुलिन सोडून चालायला निघालो तर दवाखान्यातच पोचेन.

पायीपायी:
मी टाइप २ बद्दलच बोलत होतो. उगाच चिडताय.

निवांत:
चालण्याला आधार आहे, फक्त 'थोतांड' शब्द मागे घ्या. अमेरिकेतल्या डायबेटिस प्रिव्हेन्शन प्रोग्रॅमचे निष्कर्ष २००२ साली आले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या लोकांनी वजन ७ टक्के घटवायचं आणि आठवड्याला १५० मिनिटं व्यायाम करायचा, असं उद्दिष्ट होतं. त्या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी राहिलं, मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्या गटात ३१ टक्क्यांनी. म्हणजे गोळीचाही उपयोग झालाच.

लॅबवाली:
"सगळं ठरलंय" म्हणजे नक्की काय ठरलंय? टोचणार कोण? उपाशीपोटी की खाऊन?

घाईगडबड:
जेवणाच्या सुट्टीनंतर. साखर मोजायची दोन मशीन आहेत, त्यातलं एक माझंच. पट्ट्या गेल्या वर्षीच्या उरल्यात, त्या वाया का घालवायच्या? टोचायचं पेन एकच, सुई दर वेळी बदलू. झालं समाधान? आता ओळी?

लॅबवाली:
नाही झालं! सुई बदलली तरी एकच पेन सगळ्यांना वापरायचं नाही. पेनाला रक्त लागतं, त्यातून हिपॅटायटिस बी पसरल्याच्या घटना झालेल्या आहेत. टोचलं की आपोआप निकामी होणाऱ्या सुट्या लॅन्सेट (टोचायच्या सुया) मिळतात, त्या आणा. वापरलेल्या सुयांना जाड डबा ठेवा. पट्ट्यांच्या बाटलीवरची मुदत बघा, शिवाय एकदा उघडली की बऱ्याच कंपन्या काही महिनेच देतात. आणि टोचण्याआधी हात साबणाने धुवून कोरडे करायला सांगा. फळाचा रस बोटाला राहिला तरी आकडा उगाच फुगतो.

काढेकाकू:
माझ्या जावेने सकाळी कडू काढा घेऊन साखर ९० वर आणली. कृती हवी असेल तर सांगा.

निवांत:
काकू, जावेची गोळी चालू आहे का बंद?

काढेकाकू:
चालू आहे की. पण ती गोळी पूर्वीपासूनच होती.

इतिहासवेडा:
१४ नोव्हेंबर का, ते कोणी सांगितलंच नाही. १८९१ साली याच दिवशी फ्रेडरिक बँटिंग जन्मला. १९२१ मध्ये कॅनडातल्या टोरांटोत त्याने आणि त्याचा सहकारी चार्ल्स बेस्टने इन्सुलिन शोधलं. जानेवारी १९२२ मध्ये लेनर्ड थॉम्सन या १४ वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन मिळालं. त्याआधी अशा मुलांना जवळजवळ उपाशी ठेवून दिवस काढत. फलकावर लाल थेंब नको, निळं वर्तुळ काढा, तेच चिन्ह आहे.

घाईगडबड:
लाल थेंब आधीच काढून झालाय.

निवांत:
जेवल्यावर आकडा आला, पुढे त्या माणसाने करायचं काय, हे ठरलंय का? मधुमेहाचं निदान घरच्या मशीनवर होत नाही.

घाईगडबड:
मोठा आला तर डॉक्टरकडे जा म्हणू. तसंही मशीन चुकतं. गेल्या वर्षी माझीच २१२ दाखवली होती, मी काही केलं नाही, ठणठणीत आहे.

लॅबवाली:
थांबा. २१२?? नंतर लॅबमध्ये तपासली का? तहान, लघवी, वजन?

घाईगडबड:
रात्री दोन-तीनदा उठतो, पण मी पाणीच खूप पितो. वजन उतरलंय, ते कामाच्या ताणाने. धागा माझ्याबद्दल नाहीये.

सुईसोबती:
"पाणी खूप पितो" हेच तर लक्षण आहे हो!

लॅबवाली:
उद्या छपाईच्या आधी लॅबमध्ये जा. किमान आठ तास पोटात पाण्याशिवाय काही नको. उपाशीपोटी १२६ किंवा वर, अथवा एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्ततपासणी) ६.५ किंवा वर, म्हणजे मधुमेह. १०० ते १२५ आणि ५.७ ते ६.४ म्हणजे उंबरठा. तुमच्यासारखी लक्षणं नसतील तर पक्कं करायला दुसरी तपासणी लागते. हिमोग्लोबिन कमी असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, एचबीएवनसी फसवू शकते. रात्रीतून उलट्या, पोटदुखी किंवा धाप लागली, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

निवांत:
घ्या तुमच्या ओळी:
मशीनवर आकडा मोठा आला?
घाबरू नका, 'मशीन चुकलं' म्हणून सोडूनही देऊ नका.
उपाशीपोटी लॅबमध्ये तपासा.
त्रास होत नसला तरी.

घाईगडबड:
यमक नाही जुळलं. असो, लॅब किती वाजता उघडते साधारण?

काढेकाकू:
काढ्याची कृती टाकू का मग?