गल्लीच्या टोकाशी टेकडीची नवी वाट आणि ६० गाड्यांचं पार्किंग : सूचना काय द्याव्यात?

प्रश्न

आमची गल्ली टेकडीच्या पायथ्याशी संपते आणि शेवटचं घर आमचं. पुढे मोकळं माळरान, मग चढ. तिथून वर जाणारी पायवाट आता रीतसर होणार आहे. फलक, बाक, स्वच्छतागृह आणि ६० गाड्यांचं पार्किंग असा आराखडा आहे. पार्किंगची कड आमच्या कुंपणापासून १२ मीटरवर येते आणि आत जायचा रस्ता म्हणजे आमचीच साडेपाच मीटरची गल्ली.

आधीच सांगतो, मला ही वाट हवी आहे. अकरा वर्षं रोज पहाटे मी वर जातो. बाहेरच्यांनी येऊ नये असं मला वाटत नाही. पण गेल्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी वडिलांच्या छातीत कळ आली. बोलावलेली रुग्णवाहिका गल्लीच्या तोंडाशीच अडकली, कारण वर गेलेल्यांच्या गाड्या दोन्ही बाजूंना लावलेल्या. शेजारचे दोघं आणि मी, तिघांनी वडिलांना खुर्चीत बसवून तिथपर्यंत उचलून नेलं. खुर्चीचा एक पाय सैल होता. तो निसटू नये म्हणून मी इतका आवळून धरला होता की संध्याकाळपर्यंत तळहातावर वळ होता. वडील आता बरे आहेत.

सूचना द्यायला तीन आठवडे आहेत. शेजारी म्हणतात, सरळ विरोध करू. मला ते पटत नाही. वाटही व्हावी आणि गल्लीही मोकळी राहावी, यासाठी नेमकं काय मागू?

पहिलं उत्तर (पार्किंगचे आराखडे काढण्याचं काम करतो)

६० हा आकडा कशावरून काढला, ते आधी विचारा. गर्दीच्या तासात किती गाड्या येतात आणि एक गाडी सरासरी किती तास थांबते, या दोन आकड्यांचा गुणाकार केला की एका वेळी किती जागा लागतील ते कळतं. तासाला २० गाड्या आणि मुक्काम दोन तासांचा, तर ४० जागा. हे तुम्हाला घरबसल्या मोजता येईल. वही घ्या, गाडी आल्याची आणि गेल्याची वेळ लिहा. सुट्टीचे किमान दोन दिवस मोजा.

एका गाडीला साधारण अडीच बाय पाच मीटर जागा लागते. पण वळायची-फिरायची जागा धरली की ती २५ ते ३० चौरस मीटरवर जाते. म्हणजे ६० गाड्यांना पंधराशे ते अठराशे चौरस मीटर. तेवढ्या पक्क्या जमिनीवर ४० मिलिमीटर पाऊस पडला तर किमान ६०,००० लिटर पाणी. ते कुणाच्या अंगणात उतरणार, हे आराखड्यात दिसलंच पाहिजे.

तुमच्या गल्लीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. दोन्ही बाजूंना गाड्या लागल्या तर साडेपाच मीटरमधून रुग्णवाहिका जाणार नाही, आणि पार्किंग भरलं की गाड्या गल्लीतच लागतील. प्रवेश मुख्य रस्त्यावरून मागा. फक्त तिथे वळण किंवा चढाचा माथा नाही ना, ते बघा. ताशी ५० किलोमीटर वेगाच्या गाडीला वेळेवर थांबायला साधारण ६५ मीटर लांबचं दिसावं लागतं.

दुसरं उत्तर (अशाच एका पार्किंगच्या शेजारी राहते)

इंजिनाच्या आवाजाची सवय होते, दारं आपटण्याची होत नाही. पहाटे पाचला चार मैत्रिणी एका गाडीतून उतरल्या की चार दारं आणि डिकी, मग पाचवी कुणीतरी उशिरा येणार म्हणून तिथेच उभ्याने गप्पा. त्यांचं काही चुकत नाही, पण आपली झोप जाते.

म्हणून अंतर मागा. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. १२ चे ४८ मीटर झाले तर १२ डेसिबल, म्हणजे कानाला निम्म्याहूनही कमी. झाडांची एक रांग लावून देतो म्हणतील. झाडं हवीतच, त्यांच्यामुळे हेडलाइटचा झोत खिडकीत येत नाही, पण आवाज फारसा अडत नाही. त्यासाठी मातीचा बांध लागतो.

आणि रात्रीचं फाटक. कागदावर आमच्याकडेही ते होतं. कुलूप कोण लावणार, ते मात्र कुठेच लिहिलेलं नव्हतं. दीड वर्ष ते उघडंच राहिलं. ते काम कुणाचं, किती वाजता आणि तो सुट्टीवर असला तर बदली कोण, हे सगळं लेखी घ्या.

तिसरं उत्तर (पायवाटांच्या दुरुस्तीत हात लावणारा)

वाटेचं तोंड पार्किंगच्या जवळ आणि नजरेत असू द्या. लांब पडलं की लोक कुंपणातून स्वतःची वाट पाडतात, आणि पावसात त्या वाटेची घळ होते. नवी वाट सरळ वर चढवू नका. उताराला आडवी न्या, तिचा चढ डोंगराच्या उताराच्या निम्म्याहून कमी ठेवा, म्हणजे पाणी वाट ओलांडून जातं, वाटेवरून वाहत नाही.

माळावर जुनं झाड असेल तर बुंध्याच्या जाडीच्या बारा पट अंतरात गाडी नको. अर्ध्या मीटरचा बुंधा असेल तर सभोवार सहा मीटर. मुळं वरच्या थरातच पसरतात, माती दाबली गेली की झाड दोन-चार वर्षांत वाळायला लागतं.

प्रश्नकर्ता

दोन रविवार मोजलं. वडीलच व्हरांड्यात वही घेऊन बसले, पावणेसहापासून. चहासाठीसुद्धा आत आले नाहीत. काल सहा ते सात ११ गाड्या, सात ते आठ २१, आठ ते नऊ १३. मुक्काम सरासरी दीड तास. एका वेळी सर्वांत जास्त उभ्या गाड्या २८, आठच्या सुमारास. आधीचा रविवारही जवळपास असाच.

वाट चांगली झाली की गर्दी वाढेल, म्हणून २८ वर अडून बसणार नाही. आता ४० जागा, बाकीची जमीन गवताची राखीव, आणि वर्षभराने पुन्हा मोजणी. प्रवेश मुख्य रस्त्यावरून, गल्लीच्या टोकाला फक्त चालत जाण्यापुरतं दार. पार्किंग माळाच्या पलीकडच्या कडेला, म्हणजे आमच्यापासून ५० मीटरवर. वाटेच्या तोंडाशी ३.६ मीटर रुंदीच्या दोन जागा चाकाची खुर्ची वापरणाऱ्यांसाठी, आणि तिथून पहिल्या बाकापर्यंत सपाट रस्ता. हा शेवटचा मुद्दा वडिलांनी स्वतः वहीत लिहिला. त्यांना त्या बाकापर्यंत जायचं आहे.

काल मुख्य रस्त्यावर टेप धरून पाहिलं. डावीकडे ९० मीटर स्वच्छ दिसतं, उजवीकडे ४० मीटरवर वळण आहे. प्रवेश डावीकडे किती सरकवावा लागेल, ते पहिल्या उत्तरातल्या काकांनी सांगितलं तर नकाशात तसं काढून सोमवारी अर्ज देतो. खाली अकरा शेजाऱ्यांच्या सह्या झाल्या आहेत, सरळ विरोध करू म्हणणारेही त्यात आहेत.