स्टेंट की गोळ्या? पूर्ण झालेल्या चाचण्या वाचायला मदत हवी आहे

कृष्णाकाठ
बाबा 67 वर्षांचे, सांगलीत असतात. मी पुण्यात. चार महिने झाले, जिना चढताना किंवा भाजीची पिशवी घेऊन चालताना त्यांच्या छातीवर दडपण येतं. दोन मिनिटं थांबलं की जातं. टीएमटी (ट्रेडमिलवर चालवून काढतात तो ईसीजी) पॉझिटिव्ह आली म्हणून अँजिओग्राफी केली. उजव्या धमनीत 80 टक्के ब्लॉकेज, बाकी किरकोळ.

बाबा अजून टेबलावरच होते, तेवढ्यात एक जण फॉर्म घेऊन बाहेर आला. "आत्ताच स्टेंट टाकून घेऊ, पाच मिनिटांत सांगा." आई रडायला लागली. मी म्हटलं, आज नको. त्यावर "मग आमची जबाबदारी नाही" असं ऐकून घेतलं. हॉस्पिटलचं नाव कृपया विचारू नका.

तेव्हापासून मामाचा रोज फोन, "अजून टाकला नाही?" इकडे ऑफिसातल्या एकाचं म्हणणं, अशा दुखण्यात स्टेंट आणि गोळ्या यांची तुलना करणाऱ्या मोठमोठ्या चाचण्या होऊन गेल्यात, त्या वाच. मी कॉमर्सवाली. कोणत्या वाचू, कशा वाचू आणि दुसऱ्या डॉक्टरांना नेमकं काय विचारू?

तिरकसबुवा
ताई, बापाच्या जिवाशी अभ्यास कसला करताय? 80 टक्के म्हणजे नळ तुंबलाय. प्लंबर म्हणतो काढा, तर काढा.

डेटावाली
बुवा, सगळा घोळ या नळाच्या उपमेनेच केलाय. हार्ट अटॅक बहुतेक वेळा चरबीचा थर फुटून त्यावर गुठळी झाल्याने येतो, आणि तो थर 80 टक्केवालाच असतो असं नाही. स्टेंट एका जागी बसतो, आजार मात्र सगळ्या धमन्यांत असतो. त्यावर काम करतात स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्या), बीपीच्या गोळ्या आणि विडी सोडणं.

कृष्णाकाठ, मी बारा वर्षं क्लिनिकल ट्रायलच्या डेटा मॅनेजमेंटमध्ये आहे, म्हणजे दिवसभर नोंदींतल्या चुका शोधून क्वेऱ्या काढते. डॉक्टर नाही, तेव्हा बाबांचं काय करायचं ते सांगणार नाही. वाचायचं कसं तेवढं सांगते.

आधी एक गैरसमज. रजिस्ट्रीवर, म्हणजे चाचण्यांच्या जाहीर नोंदवहीत, 'कम्प्लीटेड' दिसलं म्हणजे उपचार यशस्वी झाला असं नाही. शेवटच्या पेशंटची शेवटची व्हिजिट झाली, इतकाच त्याचा अर्थ. निकाल कुठल्याही बाजूला गेलेला असू शकतो, आणि कधी कधी तो वर्षानुवर्षं कुठे छापलेलाही नसतो. क्लिनिकलट्रायल्स डॉट गव्ह ही अमेरिकेची रजिस्ट्री 2000 पासून आहे, आपली सीटीआरआय 2007 पासून. दोन्ही फुकट बघता येतात.

तुमच्या प्रश्नाला चार चाचण्यांची नावं पुरेत.

करेज, 2007. अमेरिका आणि कॅनडा, 2287 पेशंट. निम्म्यांना गोळ्या, निम्म्यांना गोळ्या अधिक अँजिओप्लास्टी (धमनी फुग्याने उघडून स्टेंट बसवणं). साधारण साडेचार वर्षांनी मृत्यू किंवा हार्ट अटॅक यांचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखं, 18.5 आणि 19 टक्के.

इस्केमिया, निकाल 2019 च्या शेवटी जाहीर झाला. 37 देश, 5179 पेशंट, भारतातली केंद्रंही त्यात होती, त्यामुळे 'हे गोऱ्यांचं, आपल्याला लागू नाही' हा मुद्दा इथे पूर्ण चालत नाही. निष्कर्ष तोच. सुरुवातीलाच अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपासकडे गेल्याने मृत्यू वा अटॅक कमी झाल्याचं सिद्ध झालं नाही. छातीतलं दुखणं मात्र कमी झालं, विशेषतः ज्यांना ते वारंवार होत होतं त्यांचं.

तिसरी माझी लाडकी. ऑर्बिटा, ब्रिटन, 2017, डॉ. रशा अल-लामी यांची. पेशंट फक्त 200, सगळ्यांच्या एकाच धमनीत 70 टक्के किंवा जास्त ब्लॉकेज, म्हणजे तुमच्या बाबांसारखेच. आधी सहा आठवडे गोळ्या नीट बसवल्या. मग सगळ्यांना कॅथलॅबमध्ये (अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत) नेलं, कानाला हेडफोन लावून गाणी सुरू केली, गुंगी दिली. निम्म्यांना खरा स्टेंट. बाकीचे किमान पंधरा मिनिटं टेबलावर नुसते झोपून, स्टेंट न घालताच परत. कुणाला काय मिळालं हे वॉर्डातल्या नर्सलाही माहीत नाही! सहा आठवड्यांनी ट्रेडमिलवर चालण्याच्या वेळेतला फरक निघाला 16.6 सेकंद, तोही योगायोगाने येण्याइतपतच.

आणि 2023 ची ऑर्बिटा-2, त्याच टीमची. 301 पेशंट, पण या वेळी दुखण्याच्या गोळ्या बंद करून. पेशंट रोज ॲपवर दुखणं नोंदवायचे. इथे स्टेंटवाले स्पष्टपणे बरे राहिले, ट्रेडमिलवर साधारण मिनिटभर जास्त चालले. दोन निकाल एकमेकांच्या विरोधात वाटतील, पण तसं नाही. प्रश्नच वेगळे होते. पहिलीचा प्रश्न, गोळ्यांवर आणखी स्टेंट दिला तर काय मिळतं? दुसरीचा, गोळ्यांऐवजी स्टेंट दिला तर?

गडप्रेमी
माझ्या मिसेसना तीन वर्षांपूर्वी स्टेंट टाकला, त्यानंतर राजगड चढून आल्या. मला तुमच्या चाचण्या नका सांगू.

डेटावाली
दादा, वहिनींना बरं वाटलं ते खरंच आहे. दुखण्याला स्टेंटचा उपयोग होतो हे वरच लिहिलंय. आयुष्य वाढतं का, हा वेगळा प्रश्न.

निवृत्त_फिजिशियन
डेटावालींशी सहमत, पण एक धोक्याची पाटी लावतो. हे सगळं *स्थिर* अंजायनाबद्दल आहे, म्हणजे ठरावीक श्रमाने येणाऱ्या आणि थांबलं की जाणाऱ्या छातीच्या दुखण्याबद्दल. हार्ट अटॅक सुरू असताना केलेली अँजिओप्लास्टी जीव वाचवते, तिथे धागे वाचत बसायचं नाही. बाबांना बसल्या जागी दडपण आलं, रात्री झोपेतून जाग आली, पूर्वीपेक्षा कमी श्रमात दुखू लागलं किंवा घाम येऊन वीसेक मिनिटं थांबलं नाही, तर थेट कॅज्युअल्टी.

दुसरं, चाचणीत कोण *नव्हतं* ते आधी वाचावं. इस्केमियातून डाव्या मुख्य धमनीत ब्लॉकेज असलेले, हृदयाचं पंपिंग 35 टक्क्यांखाली गेलेले, नुकताच अटॅक येऊन गेलेले आणि पुरेशा गोळ्या घेऊनही दुखणं असह्य असलेले, असे सगळे वगळले होते. बाबा यांत बसत असतील तर ते निष्कर्ष त्यांना लावू नका. म्हणून दुसऱ्या डॉक्टरांना विचारा: लेफ्ट मेन (डावी मुख्य धमनी) मोकळी आहे ना? टू-डी इकोत (हृदयाच्या सोनोग्राफीत) ईएफ, म्हणजे पंपिंगची टक्केवारी, किती? गोळ्या पूर्ण डोसपर्यंत नेल्यात का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, "स्टेंट कशासाठी सुचवताय, दुखण्यासाठी की आयुष्यासाठी?" उत्तर देताना डॉक्टर चिडले तर तिसरीकडे जा. अँजिओग्राफीची सीडी मागून घ्या. नुसता रिपोर्टचा कागद पुरत नाही.

आणि हो, गोळ्यांवर राहणं म्हणजे दार कायमचं बंद नव्हे. इस्केमियातही गोळ्यांच्या गटातल्या साधारण पाचातल्या एकाला पुढे स्टेंट किंवा बायपास लागलाच.

तिरकसबुवा
बरं, प्लंबर मागे घेतो. पण स्टेंटचे भाव सरकारने बांधलेत ना? मग हॉस्पिटलला घाई कसली?

डेटावाली
अवांतर आहे, पण सांगते. फेब्रुवारी 2017 मध्ये औषधाच्या स्टेंटवर 29,600 रुपयांची मर्यादा आली, कर वेगळे. भाव बांधला तो स्टेंटचा. कॅथलॅब, बलून, खोली, डॉक्टरांची फी यांचं बिल वेगळंच लागतं. घाईचं कारण दर वेळी पैसाच असतो असंही मी म्हणणार नाही. एकाच बैठकीत काम उरकलं तर पेशंटला दुसऱ्यांदा नळी घालावी लागत नाही, हे खरंच आहे. पण घरच्यांना पाच मिनिटं देऊन विचारण्याची ही गोष्ट नाही.

कृष्णाकाठ
सगळ्यांचे आभार, दोन महिन्यांनी अपडेट देतेय.

सीडी घेऊन मिरजेत दुसऱ्या डॉक्टरांना दाखवलं. लेफ्ट मेन मोकळी, ईएफ 58. "कशासाठी" हा प्रश्न विचारल्यावर ते हसले आणि म्हणाले, दुखण्यासाठीच, आणि तेही गोळ्यांनी भागलं नाही तर. स्टॅटिनचा डोस वाढवला, बीटा ब्लॉकर (हृदयाची गती कमी ठेवणारी गोळी) सुरू केला, जिभेखालची गोळी खिशात ठेवायला सांगितली आणि दुखण्याच्या नोंदींची एक वही ठेवायला सांगितली.

बाबा जुने तलाठी, वही म्हणजे सातबाराच. तारीख, वेळ, काय करत होतो, किती मिनिटं. पहिल्या आठवड्यात नऊ नोंदी, गेल्या आठवड्यात दोन. त्यातली एक 'नदीवरून येताना घाटाची शेवटची पायरी' आणि दुसरी 'मेव्हण्याचा फोन'.

दोनवर आलंय, पण त्या घाटाच्या पायऱ्या बाबांना न थांबता चढायच्यात, असं ते स्वतः म्हणतात. पुढच्या महिन्यात परत दाखवायचंय, तेव्हा स्टेंटचं काय ते बाबाच डॉक्टरांशी बोलतील. मामाला अजून काही सांगितलेलं नाही.