लेहला टर्बो पेट्रोल मेली, पुण्यात एकदम ओके. लॉग टाकतोय, बघा जरा

कर्वेनगरचा_टर्बो

नमस्कार मंडळी. गाडी १.० लिटर तीन सिलिंडर टर्बो पेट्रोल (टर्बो म्हणजे एक्झॉस्टच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा), मॅन्युअल, साठ हजारच्या पुढे चाललेली. मॉडेलचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, नाहीतर इथे कंपनीवरूनच भांडणं सुरू होतील. मनाली-सरचू-लेह करून आलो. बारालाचा ला ही खिंड चढताना गाडी अक्षरशः मेली, दुसऱ्या गियरला पण ओढेना, गाटा लूप्सला प्रत्येक वळणावर पहिला टाकून हाफ क्लचवर काढली, क्लचचा वास वेगळाच. आमच्याबरोबर मित्राची सेम इंजिनवाली गाडी होती, त्यात माणसं पण जास्त आणि कॅरियरवर सामान पण, ती आमच्या पुढे निघून जायची.

परत आल्यावर सर्व्हिस सेंटरला दाखवली. स्कॅनर लावला, एकही एरर कोड नाही, म्हणाले सर हवा विरळ असते तिकडे, नॉर्मल आहे. अहो पण मित्राच्या गाडीला वेगळी हवा होती का?

ईएलएम ३२७ वाला ब्लूटूथ डोंगल (गाडीच्या कंप्युटरमधले आकडे फोनवर दाखवतो तो) होता सोबत, कार स्कॅनर अॅपवर लॉग काढलेत. तिसरा गियर, फुल्ल अॅक्सिलरेटर, ३००० आरपीएमचे आकडे, सगळे किलोपास्कलमध्ये (मॅप म्हणजे इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब):

पुणे (खेड शिवापूरच्या पुढे): बाहेरचा दाब ९५, मॅप १९०
लेह: बाहेरचा दाब ६६, मॅप १३८
बारालाचाच्या थोडं खाली: बाहेरचा दाब ५६, मॅप ११२

म्हणजे सगळीकडे बाहेरच्या दाबाच्या साधारण दुप्पट येतंय. मग टर्बो त्याचं काम करतोय असंच म्हणायचं ना? की कायतरी गडबड आहे? पुण्यात तर गाडी एकदम मस्त पळते, खंबाटकी पण आरामात चढते.

घाटातला_गडी

भाऊ एअर फिल्टर काढून टाक आणि चालव, मोकळा श्वास घेईल. आम्ही स्पितीला असंच केलेलं. इतका विचार करायचा नसतो, डोंगरात सगळ्याच गाड्या मरतात.

वेस्टगेट_उघडा

@घाटातला_गडी कृपा करून असे सल्ले देऊ नका. मोरे प्लेन्सच्या धुळीत फिल्टर काढून टर्बोवाली गाडी चालवली तर टर्बोच्या कॉम्प्रेसरच्या पात्यांची वाट लागते, ती पाती मिनिटाला लाखाच्या वर फिरत असतात आणि ती धूळ पुढे सिलिंडरमध्ये जाते ती वेगळीच.

@कर्वेनगरचा_टर्बो लॉग काढलास हे बेस्ट, पण जे दोन आकडे निर्णय देतात तेच टाकले नाहीस: टार्गेट बूस्ट (गाडी टर्बोकडून मागते तो दाब) आणि वेस्टगेटची ड्युटी (वेस्टगेट म्हणजे एक्झॉस्टचा काही भाग टर्बोला वगळून सोडणारी झडप, ड्युटी म्हणजे तिला दिलेली कमांड, टक्क्यांत). सांगतो का ते.

दुप्पट दाब सगळीकडे येतोय म्हणजे ठीक, हा हिशोब नॉन-टर्बोला चालतो, तिथे बाहेर जेवढा दाब तेवढाच आत. टर्बोमध्ये ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कंप्युटरला, बाहेरच्या दाबाशी देणंघेणं कमी, त्याला मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरना हवा वाटणारा पाईप) एक ठराविक अॅब्सोल्युट, म्हणजे शून्यापासून मोजलेला, दाब हवा असतो. पुण्यात ९५ चे १९० करायला पट २ लागतो. लेहला ६६ चे १९० करायचे तर जवळजवळ २.९ लागेल, तेवढं एवढूशा टर्बोला झेपत नाही, स्पीड फार वाढतो, म्हणून ईसीयू स्वतःच टार्गेट खाली आणतो. पण खाली आणतो म्हणजे २ वर नाही आणत, धडधाकट छोटा टर्बो २.४-२.५ पर्यंत आरामात जातो. तुझा मॅप लेहला १५५-१६० ला असायला हवा होता असा माझा अंदाज. १३८ कमी वाटतात.

आता दोन शक्यता. टार्गेटच १४० असेल तर ईसीयूने मुद्दाम आवरतं घेतलंय, कारण शोध: इनटेक एअर टेंपरेचर, नॉक (सिलिंडरमधलं मिश्रण आपोआप पेटून बसणारा ठोका), नाहीतर थ्रॉटल (हवेची झडप). ड्राइव्ह-बाय-वायरमध्ये, म्हणजे केबलऐवजी ईसीयू थ्रॉटल उघडतो तिथे, पाय फुल्ल असला तरी थ्रॉटलची पाकळी पूर्ण उघडी असेलच असं नाही. पण टार्गेट १६० आणि मिळतायत १३८ आणि वेस्टगेट पूर्ण बंद, असं असेल तर टर्बो जीव तोडून पळतोय आणि हवा कुठेतरी वाया जातेय.

अजून एक, बाहेरचा दाब कुठून घेतलास? काही गाड्यांत त्याचा वेगळा सेन्सरच नसतो, चावी ऑन करताना मॅप सेन्सर जे दाखवतो तेच धरून चालतात. चावी ऑन, इंजिन बंद, तेव्हा मॅपचा आकडा आणि फोनच्या बॅरोमीटरचा आकडा जुळला पाहिजे. आणि वेदर अॅपवर जाऊ नकोस, ते समुद्रसपाटीला नेऊन दाखवतं, पुण्यात बसून १००८ दिसतं, खरा दाब ९५० च्या आसपास असतो (हे हेक्टोपास्कल, म्हणजे तुझे ९५ किलोपास्कल).

कर्वेनगरचा_टर्बो

बापरे, एवढं कोणी समजावलं नव्हतं. बॅरो चेक केला, फोनशी जुळतोय. टार्गेट आणि वेस्टगेट लॉगमध्ये होतं, मला ते काय आहे तेच कळत नव्हतं म्हणून टाकलं नाही. हे घ्या लेहचं:

२२०० आरपीएम: टार्गेट १५०, मिळाले ११२
३००० आरपीएम: टार्गेट १६०, मिळाले १३८
४५०० आरपीएम: टार्गेट १५५, मिळाले १४९

वेस्टगेट ड्युटी तिन्ही ठिकाणी ९५ टक्के. थ्रॉटल पूर्ण उघडा, इनटेक टेंपरेचर ४० च्या आत, इग्निशन टायमिंग मागे येत नाहीये (म्हणजे नॉक नाही), लॅम्बडा (हवा-पेट्रोलचं प्रमाण) पण व्यवस्थित. फ्युएल ट्रिम (ईसीयू पेट्रोल किती कमी-जास्त करतोय तो आकडा) शून्याच्या आसपास. पुण्यात ३००० ला ड्युटी ७४ आहे.

आकुर्डी_टू_आंबोली

माझ्याकडे हेच इंजिन आहे, पंचवीस हजार झालेत. आत्ता घरी येताना लॉग काढला. ३००० ला मॅप १९१, ड्युटी ५३. बघा काही उपयोग होतोय का.

वेस्टगेट_उघडा

@आकुर्डी_टू_आंबोली तुमचा एकच आकडा सगळ्यात कामाचा निघाला.

दोन्ही गाड्या पुण्यात १९० देतात, चालवणाऱ्याला सारख्याच वाटतात. पण एकीला त्यासाठी ५३ टक्के ड्युटी पुरते आणि दुसरीला ७४ लागते. या गाडीत ड्युटी जास्त म्हणजे वेस्टगेट जास्त बंद, म्हणजे एक्झॉस्टचा जास्त भाग टर्बाइनवरून (टर्बोचं एक्झॉस्टने फिरणारं चाक) जातोय (सगळ्या गाड्यांत दिशा हीच असते असं धरू नका). गच्चीवरच्या टाकीचा पाईप गळत असला तरी मोटर जास्त वेळ चालवून टाकी भरतेच, लाईट बिल येईपर्यंत कोणाला पत्ता लागत नाही, तसंच. पुण्यात टर्बोकडे शिल्लक ताकद आहे म्हणून ईसीयू गळती झाकून टाकतो. लेहला शिल्लकच नाही, वेस्टगेट ९५ ला जाऊन बसला, आता झाकणार कशाने? म्हणून सांगतो, पुण्यात बसून बूस्टचा ग्राफ बघण्यात अर्थ नाही, तो ग्राफ ईसीयू चांगलाच दाखवणार, ड्युटी बघा.

कोड का आला नाही, तर पी ०२९९ म्हणजे अंडरबूस्टचा (बूस्ट कमी पडल्याचा) कोड पुण्यात येणार नाही कारण बूस्ट पूर्ण मिळतंय, आणि वरती बऱ्याच ईसीयू ठराविक उंचीनंतर ही तपासणी बंद किंवा ढिली करतात, नाहीतर प्रत्येक गाडीची लाईट लागली असती. सर्व्हिस सेंटरवाला खोटं बोलला नाही, त्याने कोडच्या पुढे बघितलं नाही एवढंच.

आता तुझे आरपीएमचे आकडे नीट बघ. २२०० ला ३८ ने कमी, ३००० ला २२ ने, ४५०० ला फक्त ६ ने. फिल्टर चोक असता तर उलटं झालं असतं, हवा जास्त ओढली की, म्हणजे वरच्या आरपीएमला, जास्त मार बसला असता. भोक असेल तर ते दाबाप्रमाणे साधारण तेवढीच हवा सोडतं, आणि खालच्या आरपीएमला एकूण हवाच कमी असते त्यामुळे तिथे जास्त झोंबतं. ट्रिम शून्य आहे कारण तुझं इंजिन हवा मॅप सेन्सरवरून मोजतं, गळती त्याच्या आधी आहे. मास एअर फ्लोवाली (आत येणारी हवा सुरुवातीलाच सेन्सरने मोजणारी) गाडी असती तर मोजलेली हवा बाहेर पळाली असती आणि मिक्स्चर रिच (पेट्रोल जास्त) झालं असतं. म्हणजे टर्बो ते थ्रॉटल यामधला एखादा होज, इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी), नाहीतर वेस्टगेटची झडपच नीट बसत नसेल.

आणि एक स्पष्ट सांगतो, तुझी सगळीच तक्रार गळतीची नाहीये. १८०० च्या खाली टर्बो फिरतच नाही धड, तेव्हा ती साधी १.० लिटर गाडी असते आणि ५६ किलोपास्कलला तिला पुण्याच्या साठ टक्केच हवा मिळते. गाटा लूप्सला पहिला गियर सगळ्यांनाच लागतो. पण पहिल्यात पण हाफ क्लच लागणं आणि मित्राची सेम गाडी भरून पुढे जाणं, हे नॉर्मल नाही.

भोसरी_गॅरेज

वरचे साहेब बरोबर बोलले, आता गॅरेजचं ऐका. स्मोक मशीनवर (धूर सोडून गळती शोधतात ते) अडून बसू नका, त्यात दाब फार कमी असतो, जो होज बूस्टला फुगून चिर उघडतो तो स्मोकला कोरडा ठणठणीत दिसतो. एअर फिल्टरनंतरचा पाईप काढून टर्बोच्या तोंडाला अॅडॉप्टर लावा, पीसीव्हीची लाईन (क्रॅंककेसमधली, म्हणजे इंजिनच्या खालच्या पोकळीतली, वाफ इनटेकला नेणारी नळी) बंद करा नाहीतर क्रॅंककेसमध्ये दाब जाऊन सील उडतील, गॅरेजच्या एअर कॉम्प्रेसरला रेग्युलेटर लावून हळूहळू ०.८ बारपर्यंत (बाहेरच्या दाबापेक्षा ८० किलोपास्कल जास्त) न्या आणि साबणाचं पाणी मारत जा. १ बारच्या वर जायचं नाही. इंटरकूलरच्या खालचा होज आधी बघा, तिथेच तेलकट धूळ चिकटलेली असते. हवा बाहेर येते तिथे तेलाची वाफ पण येते.

घाटातला_गडी

आमची गाडी फिल्टर काढून पण अजून चालू आहे हां 😄

कर्वेनगरचा_टर्बो

अपडेट. एका ओळखीच्या गॅरेजला बसून प्रेशर टेस्ट केली. ०.५ बारपर्यंत काहीच नाही, मला वाटलं गेले पैसे पाण्यात, ०.७ ला इंटरकूलरच्या खालच्या होजला बुडबुडे. होज बाहेर काढल्यावर खालच्या बाजूला वळणात आडवी चिर, हाताने वाकवली तरच दिसते, आजूबाजूला काळं तेलकट. नवीन होज आणि दोन्ही बाजूला नव्या क्लिपा टाकल्या. सर्व्हिस सेंटरने हीच गाडी धुवून पुसून दिली होती.

परत लॉग काढला, तीच जागा, ३००० ला मॅप १९०, ड्युटी ५५. गाडीत फरक? खरं सांगू, पुण्यात काहीच जाणवत नाही. बायको म्हणते मग खर्च कशाला केला 😅

वेस्टगेट_उघडा

७४ वरून ५५, आकुर्डीवाल्यांच्या बरोबरीला आली, म्हणजे वेस्टगेटची झडप पण ठीक आहे, वेगळं काही उघडायची गरज नाही. लेहला जायची वाट बघू नकोस, महाबळेश्वरला जाशील तेव्हा वरती एक पुल (फुल्ल अॅक्सिलरेटरचा लॉग) काढ. तिथे बाहेरचा दाब ८६ च्या आसपास मिळतो, ड्युटी थोडी वाढेल पण टार्गेट आणि मिळालेलं जुळलं पाहिजे. लॉगमध्ये सहाच गोष्टी ठेव, स्वस्त डोंगल सेकंदाला मोजकेच आकडे वाचतं, वीस गोष्टी टाकल्यास की ग्राफचे नुसते दात दिसतात. आणि फोन शेजारच्याच्या हातात दे. नवले पुलाच्या उतारावर असले प्रयोग करणारे बघितलेत मी, कृपा करा.

डिझेलप्रेमी_हडपसर

हे सगळं पेट्रोलचं झालं. माझी २.० डिझेल, सप्टेंबरमध्ये खारदुंग ला करायचाय. डिझेलला काय बघू?

भोसरी_गॅरेज

तुमच्या टर्बोचा अॅक्च्युएटर (टर्बोचा जोर कमी-जास्त करणारा भाग) कशावर चालतो ते आधी बघा, इलेक्ट्रिक मोटर आहे की व्हॅक्युम. व्हॅक्युमवाला असेल तर वरती अजून एक भानगड. व्हॅक्युम म्हणजे शेवटी बाहेरच्या दाबाचाच जोर. पुण्यात पंप चांगला असेल तर ९० किलोपास्कलच्या जवळपास खेच मिळते, खारदुंगला बाहेर मुळात ५०-५५ च आहे, कितीही नवीन पंप असला तरी त्याच्या वर खेच मिळणारच नाही. म्हणजे पुण्यात थोडा लीक असलेला डायफ्रॅम (अॅक्च्युएटरमधला रबरी पडदा) किंवा कडक झालेली काळी नळी चालून जाते, वरती टर्बोच्या वेन (एक्झॉस्ट वळवणाऱ्या पट्ट्या) पूर्ण फिरत नाहीत आणि गाडी काळा धूर सोडत रांगते. ब्रेक बूस्टर पण त्याच व्हॅक्युमवर असतो, वरती पॅडल कडक लागलं तर घाबरू नका, पण उतरताना खालच्या गियरला या.

निघायच्या आधी व्हॅक्युम गेज लावून पंप आणि सगळ्या नळ्या तपासून घ्या, नळ्या जुन्या असतील तर सरळ बदला, फार खर्च नाही. लॉगमध्ये टार्गेट बूस्ट, मिळालेलं बूस्ट, अॅक्च्युएटरची कमांड, रेल प्रेशर (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब) आणि मास एअर फ्लो. पुण्यातला लॉग आत्ताच काढून ठेवा, वरती गेल्यावर जुळवून बघायला तोच लागेल.

डिझेलप्रेमी_हडपसर

व्हॅक्युमवालाच आहे. रविवारी गाडी घेऊन येऊ का?

भोसरी_गॅरेज

रविवारी बंद. सोमवारी सकाळी या, इंजिन थंड असताना.