नशीब खरं, पण टायरीचं की मॅनिंगचं?

२००८ च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यात, जायंट्सच्या डेव्हिड टायरीने घेतलेला तो झेल म्हणजे निव्वळ नशीब, हे मला अर्धंच पटतं. प्रतिस्पर्धी पॅट्रियट्सचा रॉडनी हॅरिसन हात ओढत असताना टायरीने चेंडू हेल्मेटवर दाबून धरला, त्याला नशीब म्हणा हवं तर. पण त्याआधी तो चेंडू फेकणाऱ्या ईलाय मॅनिंगचा शर्ट पॅट्रियट्सच्या मुठीत होता हो! तिथून तो निसटला कसा, हे अजून कळत नाही. त्या झेलाने जायंट्स ३२ यार्ड पुढे सरकले, मग ३५ सेकंद उरले असताना त्यांच्या बरेसचा टचडाउन (गोलरेषेपलीकडे चेंडू नेऊन मिळवलेले गुण). जायंट्स १७-१४ ने विजयी. सलग १८ सामने जिंकलेला पॅट्रियट्सचा संघ गारद. जायंट्सचं खरं नशीब आदल्या चेंडूला (क्रिकेटची सवय!) उघडलं होतं: मॅनिंगचा पास पॅट्रियट्सच्या असांते सॅम्युएलच्या बोटांना लागून गेला. त्याने तो धरला असता तर चेंडू पॅट्रियट्सकडे गेला असता आणि खेळ तिथेच खलास.