मदत हवी आहे: चुन्याच्या जुन्या छतावर जिप्सम बोर्ड मारायचा आहे

सदाशिव पेठेत जुना वाडा. माजघराच्या छताला लाकडी पट्ट्यांवर चुन्याचा गिलावा आहे, खोली १० बाय १२. मधला परातीएवढा भाग झुकलाय. तळव्याने दाबला की वर जातो, सोडला की परत खाली. एक पोपडा निघाला तिथून बॅटरीने पाहिलं: पट्ट्यांच्या फटींतून वर चढून धरून ठेवणारा चुनाच मोडलाय, वर नुसता भुगा.

गळती नाही, कौलं मे महिन्यात परतून घेतली. वाळवीही नाही. वरच्या कड्या (ज्यांना पट्ट्या ठोकल्यात ते लाकडी वासे) ठणठणीत, साधारण दीड-दीड फुटावर. पीओपीने भरून पाहिलं, दोन महिन्यांत ते चुन्यासकट खाली आलं (नशीब, खाली कोणी नव्हतं).

फॉल्स सीलिंगवाले लोखंडी सांगाडा लटकवा म्हणतात. पण उंची जेमतेम साडेआठ फूट, त्यात पंखा. म्हणून १२.५ मिमीचा बोर्ड थेट कड्यांना मारायचा विचार आहे. ६ बाय ४ चा एक बोर्डच वीसेक किलो भरतो, त्यात जुन्या चुन्याचं वजन वेगळं.

सगळा गिलावा पाडला तर धूळ भयंकर, आणि घरात सासूबाईंना दमा आहे. जुनी वायरिंगही वरूनच गेली आहे.

ज्यांनी असं काम करून घेतलंय त्यांनी सांगा: झुकलेला भाग तेवढा काढून, बाकी गिलाव्यावरूनच लांब स्क्रूने बोर्ड कड्यांत आवळला तर चालेल, की आधी सगळा चुना उतरवावाच लागेल?